राजकीय भांडणं मिटवायला बौद्ध विचारात मैत्री-करुणेपलीकडे काही आहे का?

निळा_पक्षी
जिथे बघावं तिथे तेच, वैराने वैर शमत नाही, करुणा ठेवा. मान्य. पण दोन गट एकमेकांच्या जिवावर उठलेत तिथे डोळे मिटून बसून काय होणार? काही ठोस पद्धत दिलीये का?

विनयवाला
आहे की, पण लोक विनयपिटक, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमांचा ग्रंथ, उघडतच नाहीत. वाद मिटवायचे ७ मार्ग दिलेत तिथे. दोन्ही बाजू समोर असल्याशिवाय निकाल नाही, एकमत होईना तर शलाका (मतदानाच्या काड्या) वाटून बहुमत. मला भारी वाटतो तो गवताने झाकायचा मार्ग, म्हणजे भांडण इतकं चिघळलंय की कोण काय बोललं ते उकरत बसलं तर अजून पेटेल, मग सगळे एकत्र जमतात, प्रत्येक गटाचा एक जण उठून आपल्या लोकांच्या वतीने चूक कबूल करतो आणि विषय बंद. फक्त गंभीर अपराध यात झाकले जात नाहीत, हे कुणी सांगत नाही! २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेब हेच म्हणाले होते, ठराव, कोरम, मतमोजणी सगळं भिक्खूसंघाला माहीत होतं.

तिरपागडा
हे मठातलं झालं हो. कोसलचा राजा विडूडभ, त्याचं सैन्य बुद्धांनी तीनदा परत फिरवलं, चौथ्यांदा शाक्यांची, म्हणजे बुद्धांच्याच कुळाची, कत्तल झालीच. आणि श्रीलंका, म्यानमारमधे काही भिक्खूच द्वेषाची भाषणं ठोकत फिरत होते, त्याचं काय?

रानवाट
@तिरपागडा खरंय, नाकारत नाही. पण त्याच म्यानमारमधे २००७ ला भिक्खूंनी लष्करी राजवटीतल्या लोकांचं दान घेणं बंद केलं, भिक्षापात्र उलटं धरून, आणि हाही विनयातलाच नियम. बुद्धांच्या काळातल्या कोसंबी नगरातली गोष्ट तर याच्या उलट, तिथे भिक्खूच भांडत होते, बुद्धांचंही ऐकेनात, बुद्धच कंटाळून जंगलात निघून गेले, तेव्हा उपासकांनी (गृहस्थ अनुयायांनी) भिक्षाच बंद केली मग आले सगळे ताळ्यावर. उपदेश फेल, बहिष्कार पास. कंबोडियात महाघोसानंद हे भिक्खू १९९२ ला थायलंडच्या सीमेवरून परतणाऱ्या निर्वासितांसोबत थेट नॉम पेन्हपर्यंत पायी गेले, युद्ध पुरतं थांबलेलं नसताना. तेही नुसतं ध्यान नव्हे.

निळा_पक्षी
हे बेस्ट. पण @विनयवाला, गंभीर काय ते ठरवणार कोण? तिथेच तर दुसरं भांडण सुरू होईल.

विनयवाला
ते भांडणानंतर ठरवत नाहीत. नियमांची यादी आधीपासून असते आणि दर पंधरवड्याला सगळ्यांसमोर म्हटली जाते, त्यामुळे नंतर कुणाला हात वर करता येत नाहीत. राजकारणात नेमकं इथेच घोडं अडतं, यादी जिंकलेला गट लिहितो.