वूकाँग, हनुमान आणि आपली जुनी खुमखुमी

निशाचर:
परवा इथेच कुणीतरी टाकलं होतं, "ब्लॅक मिथ वूकाँग हा चिनी व्हिडिओ गेम म्हणजे चिन्यांनी ढापलेला हनुमान. गोष्ट शून्य, नुसते बॉस, म्हणजे मोठाले राक्षस, मारत सुटायचं." खाली वाहव्वा करणाऱ्यांची रांग. अरे, पहिला अध्याय तरी धड खेळलात का?

जिन्ची महंत घ्या. 'पश्चिमेची यात्रा' या जुन्या चिनी कादंबरीवर हा खेळ बेतलाय, वानरवीर वूकाँग तिचा नायक आणि भिक्षू ह्युएनत्संग त्याचा गुरू. तिच्यात जिन्ची हा 270 वर्षांचा म्हातारा. ह्युएनत्संगची कफनी पाहून जीभ चाळवते आणि पाहुण्याला झोपेत जाळायचा बेत ठरतो. वूकाँग आग विझवत नाही. गुरूपुरतं अग्निरोधक छत्र आणतो, वर वारा सोडतो आणि अख्खा मठ राख करतो. त्या गडबडीत काळं अस्वल कफनी लांबवतं. खेळात हाच म्हातारा लपलेला बॉस आहे. रानात तीन घंटा शोधून वाजवल्या तरच तुम्ही त्या जुन्या मठात जाऊन पडता. शत्रूला जागीच थिजवायची विद्या आहे ना, ती कादंबरीत वूकाँगने देवांच्या पीचबागेत सात अप्सरांवर वापरली होती. वार आला की दगड व्हायचं, कारण हे माकड दगडातूनच जन्मलं. केस उपटून फुंकला की माकडांची फौज. पुराण उचलून थेट बटणांवर बसवलंय. आणखी काय हवं?

कंट्रोलरफोड्या:
असहमत. 100 अध्यायांचं पुस्तक वाचलेल्यांना गंमत, बाकीच्यांनी काय करायचं? चिनी पोरं याच कादंबरीवरची 1986 ची टीव्ही मालिका सुट्ट्यांमध्ये बघत वाढली. मला ते अस्वल म्हणजे अस्वल. गोष्ट कुठे, तर मेन्यूतल्या नोंदवहीत. लढून दमल्यावर गृहपाठ करू?
आणि त्या अदृश्य भिंती! एका कड्यावर काच लावल्यासारखा अडकतो, शेजारच्या हुबेहूब कड्यावरून सरळ खाली जाऊन मरतो. यावर भक्तमंडळी गप्प.

निशाचर:
भिंतींचं मान्य. त्यावर भांडणार नाही, घरचे नेटवर्कवाले पुरेसे आहेत.

बजरंगी_बार्शी:
मूळ मुद्दा का टाळताय? हू शी या त्यांच्याच पंडिताने 1923 मध्ये लिहिलंय की या माकडाचं मूळ हनुमानात आहे. उडतो, रूपं घेतो, गदा फिरवतो. अजून किती पुरावा?

निशाचर:
गदा नाही हो, दंड. समुद्राच्या नागराजाकडून आणलेला. आणि त्याच काळात त्यांचाच लेखक लू शुन म्हणत होता की मूळ चिनीच आहे, ह्वाय नदीत साखळदंडाने बांधलेला वूचीची नावाचा वानर-दैत्य. वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही निम्मा वाचून निकाल दिलात.
उधारी दाखवायचीच तर त्याच कादंबरीतला नेझा हा बालदेव दाखवा. तो कुबेराचा पोरगा नलकूबर, बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेला. लोखंडी पंख्याने वारा घालणारी राजकन्या तर कादंबरीतच राक्षसी म्हणवते. तिथे आपलं येणं आहे. माकडाच्या बाबतीत हिशेब इतका सोपा नाही.

बजरंगी_बार्शी:
म्हणजे उधारी आहेच. धन्यवाद.

रिकामटेकडा:
अवांतर: खरा ह्युएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेलाय, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात आणि सूडाआधी शत्रूला कळवतात, असं लिहून ठेवलंय. हा धागा बघून पटलं.

कंट्रोलरफोड्या:
लढाईआधी इथले वीर आणि हत्ती दारू पितात, हेही लिहिलंय त्याने. ते नाही टाकलंस.

बजरंगी_बार्शी:
मी दारू पीत नाही. वैयक्तिक होऊ नका.

दगडघड्या:
हनुमान कुणाचा यावर रडणाऱ्यांनो, माझं ऐका. मी पुण्यात गेम आर्ट करतो. आयुष्य गेलं परदेशी खेळांसाठी पिंपं, पेट्या आणि दगड घडवण्यात. एकदा काम आलं "भारतीय देऊळ". सोबत संदर्भ म्हणून फोटो कुठला, तर अंगकोर वाटचा. मी म्हटलं, अहो, हे कंबोडियातलं. लीड म्हणाला, "क्लायंटला चालतंय ना?" वेरूळ इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, पण स्कॅन करायला कुणी पाठवलं नाही. वूकाँगवाल्यांनी चीनच्या शान्सी प्रांतातली देवळं, दात्झूची दगडी शिल्पं मोजून-स्कॅन करून आणली. खेळातल्या 36 खऱ्या ठिकाणांपैकी 27 एकट्या शान्सी प्रांतातली. पैसा लागतो, आणि देऊळ बघायला डोळे लागतात.

बजरंगी_बार्शी:
मग तुम्हीच का नाही काढला हनुमानाचा खेळ?

दगडघड्या:
काढतो. पैसे तुम्ही घाला. 2020 मध्ये पुण्यातूनच 'राजी' आला होता, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात त्यात. घेतलात का? का फुकटातली चोरीची प्रत शोधत होतात?

(यावर बजरंगी_बार्शी तासभर ऑनलाइन, उत्तर नाही. – रिकामटेकडा)

शांघायकर_मावशी:
अरे बाळांनो, जरा थांबा. "न वाचणाऱ्याने काय करायचं" असं कंट्रोलरफोड्या म्हणतो म्हणून सांगते. दुसऱ्या अध्यायात मुंडकं नसलेला भिक्षू त्रितंतू वाद्य छेडत गातो ना, ती उत्तर शान्शीतली (शान्सी नव्हे, तिच्या शेजारचा प्रांत) कथागायनाची रीत आहे. माझी शेजारीण त्या भागातली. आयुष्यात गेम खेळलेली नाही. माझ्या लेकाच्या खोलीतून तो आवाज आला आणि हातातली भाजी तशीच टाकून आत जाऊन बसली. पुढे त्याला म्हणाली, ह्याला मरू नको देऊ, गाणं बंद पडेल. लेकाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तोही लढाई सोडून ऐकत बसला.

कंट्रोलरफोड्या:
मावशी, ते गाणं भारी आहे, कबूल. पण एका गाण्यासाठी मी एवढे राक्षस मारायचे? तुमची शेजारीण कॉन्सर्टला गेली असती तर स्वस्तात पडलं असतं.

निशाचर:
म्हणजे आवडलं.

कंट्रोलरफोड्या:
गाणं आवडलं. खेळ नाही. आणि पहिल्या दिवशी घेतलेल्यांनी तीन दिवसांत 1 कोटी प्रतींचा आकडा तोंडावर फेकू नये. 1 कोटी लोक गुटखाही खातात.

दगडघड्या:
हे मात्र बरोबर बोललास.

कंट्रोलरफोड्या:
ते जाऊ द्या. दोन घंटा वाजल्या, तिसरी कुठंय?

निशाचर:
खेळ आवडला नाही म्हणे. पांढऱ्या कपड्यातला सर्प मारलास ना? त्याच्याच मैदानात बघ.