गणिताचं इंटर्नल: बंद करा की नीट घ्या?

त्रिज्या: लेखीला ३५, इंटर्नलला, म्हणजे कॉलेजात आम्हीच द्यायच्या मार्कांना, १५. माझ्या टीवायच्या (बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात ८० मुलं, आणि १५ पैकी १३ च्या खाली एकही नाही. त्यातल्याच निम्म्यांना लेखीत लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या धड लिहिता आली नाही. इंटर्नल बंद करा. सगळे मार्क लेखीला, पेपर बाहेरच्यांनी तपासावेत.

फळा-खडू: मॅडम, हे वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी २२ वर्षं रिअल ॲनालिसिस शिकवतोय. ‘बोलझानो-वायरस्ट्रास सिद्ध करा’ (बाउंडेड, म्हणजे मर्यादेत राहणाऱ्या सिक्वेन्सबद्दलचं प्रमेय) म्हटलं की मुलं पानभर प्रूफ बिनचूक उतरवतात. त्याच मुलाला विचारा, सिक्वेन्स बाउंडेड नसेल तर यातली कुठली ओळ अडेल? तोंडातून शब्द फुटत नाही. लेखीत त्याला दहापैकी दहा! मी इंटर्नल फळ्यावर घेतो. एक प्रूफ मांडायचं, मी मध्येच थांबवून ‘का?’ विचारणार. कुमारेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस या गणित-प्रशिक्षणाच्या शिबिरांतही मुलांना असंच प्रश्न विचारून बोलतं करतात. तिथून आलेली मुलं वर्गात लगेच ओळखू येतात.

त्रिज्या: शिबिरात निवडून आलेली मुलं असतात, सर. माझ्या ८० जणांना दहा-दहा मिनिटं धरली तरी १३ तास २० मिनिटं होतात, तेही एका पेपरचे. तुमच्याकडे किती मुलं?

फळा-खडू: १४.

त्रिज्या: मग झोप माझी उडायला हवी.

टीवाय_पास: जर्नलबद्दल कुणीच बोलत नाही. मी प्रॅक्टिकलचं अख्खं जर्नल दुसऱ्यांदा लिहिलं, कारण समास पेनाने आखला होता. आतली गणितं कुणी वाचलीसुद्धा नाहीत. पायथनचे प्रोग्रॅम हाताने कागदावर उतरवले आणि इंडेंटेशन ‘वाकडं’ म्हणून मार्क गेले. कॉम्प्युटर लॅबमध्ये वर्षभरात चारदा बसलो असू.

जुना_बीएस्सी: नीटनेटकं लिहिणं हेही कौशल्यच आहे. आम्ही जर्नलं लिहिली, कुरकुर केली नाही.

टीवाय_पास: काका, नीटनेटकं लिहायला माझी ना नाही. पण सगळा वर्ग एकाच जर्नलवरून उतरवतो, हे सरांनाही ठाऊक असतं. यात कौशल्य कुठलं तपासलं?

सह्याद्री: माझ्या बहिणीचं जर्नल आईने पूर्ण केलं. आई कॉमर्सची. ए ग्रेड मिळाली.

जुना_बीएस्सी: जर्नल सोडा. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सिनिअर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, ते लेखी परीक्षेवर. इंटर्नलच्या कुबड्या लागल्या नाहीत त्यांना.

फळा-खडू: आणि तिथली मुलं खासगी शिकवण्या लावून त्या परीक्षेच्या युक्त्या घोकत. हार्डीसारखे गणितीच तिच्यावर तुटून पडले. १९०९ नंतर केंब्रिजने रँग्लरांची क्रमवारी जाहीर करणं थांबवलं. अर्धा इतिहास सांगू नका.

जुना_बीएस्सी: क्रमवारी थांबली, परीक्षा चालूच राहिली. अर्धा इतिहास तुम्हीच सांगताय.

फळा-खडू: परीक्षा राहिली, मान्य. घोकंपट्टीचा मुद्दा मात्र तसाच आहे.

त्रिज्या: घोकंपट्टीचं म्हणाल तर लेखीत एक प्रश्न असा टाका: चुकीचं प्रूफ छापायचं, कुठली ओळ चुकली आणि का, ते मुलांनी लिहायचं. तो पाठ करता येत नाही आणि ८० जणांना एका वेळी देता येतो.

फळा-खडू: हा प्रश्न चांगला आहे. माझ्याही पेपरात टाकेन. पण बोलताना अडखळून पुन्हा सावरणारं मूल कागदावर दिसत नाही. त्याचे मार्क कोण देणार? वाटल्यास बाहेरचा परीक्षक शेजारी बसवा, त्याच्यासमोर मार्क देतो.

त्रिज्या: पुढच्या सेमिस्टरला २० ची बॅच करून मिळाली तर फळ्यावर घेऊन बघते. नाही मिळाली तर माझं मत तेच, आणि तेरा-चौदा मार्कांच्या त्या यादीवर मी सही करणार नाही.

टीवाय_पास: मॅडम, बॅच मागाल तेव्हा जर्नल बंद करायचंही त्याच अर्जात लिहा.