गादी घेण्याआधी उंची बघा

सायकलवर तासाभरात बूड दुखतं त्याचं काय करू, आणि ९ गिअर घ्यावेत की ११, असे दोन प्रश्न आलेत. दुखण्यावर सीटसाठी जेलची जाड गादी घ्या, असं कुणीतरी सुचवलंय. एवढ्यात नका घेऊ. फार मऊ गादीत हाडं रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. लांब पल्ल्यात त्रास उलट वाढतो.

आधी सीटची उंची. भिंतीला धरून बसा, टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट वर आहे, ५ मिमी खाली घ्या.

दुसरं, टायर. २५ मिमी रुंदीच्या टायरऐवजी ३२ चे बसत असतील (फ्रेम आणि ब्रेकमधली जागा मोजूनच!) तर तेच घाला आणि हवा कमी ठेवा, म्हणजे धक्के कमी बसतील. टायरवर छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची सक्ती नाही.

९ गिअर की ११? माझं मत ९. चेन मात्र मोजत राहा: १२ पूर्ण कड्या (आतली-बाहेरची जोडी म्हणजे एक) झिजून १२ इंचांपेक्षा १/१६ इंच जास्त भरल्या की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) जाते.