मदत हवी आहे : शून्याजवळच्या डबल संख्यांची तुलना
सप्रेम नमस्कार. मी फोंड्याचा असून मांडवीच्या मुखाशी येणाऱ्या भरती-ओहोटीचे गणित करण्यासाठी सी भाषेत एक छोटी लायब्ररी लिहीत आहे. तिच्यातील, दोन डबल संख्या (सी भाषेत अपूर्णांक साठवण्याचा एक प्रकार; त्यात बारीक चूक राहते) 'जवळजवळ समान' आहेत का हे सांगणाऱ्या फंक्शनपाशी माझे काम अडले आहे.

०.१ + ०.२ आणि ०.३ यांत केवळ एका यूएलपीचा (म्हणजे लगतच्या दोन डबल संख्यांमधील अंतराचा) फरक असल्याने तिथे सापेक्ष मर्यादा (संख्येच्या आकाराच्या प्रमाणात चालणारा फरक; मी १०⁻⁹ घेतली आहे) किंवा यूएलपी मोजणे, दोन्ही उत्तम चालतात. परंतु पाण्याची पातळी सरासरी समुद्रसपाटी ओलांडते तेव्हा अपेक्षित उत्तर शून्य असते. साइन(पाय) घेतले तर शून्याऐवजी सुमारे १.२२ × १०⁻¹⁶ मिळते; शून्याशी तुलना करताना सापेक्ष कसोटी ते नाकारते आणि यूएलपीतील अंतर तर ४ अब्ज अब्जांहून अधिक भरते! धन शून्य व ऋण शून्य यांची बिटे वेगळी असूनही ते समान ठरले पाहिजेत, तेवढे मी सांभाळले आहे.

निरपेक्ष मर्यादा (संख्येच्या आकारावर न ठरणारा, ठरावीक फरक) जोडावी लागेल हे उघड आहे, पण लायब्ररीला मीटर की मिलिमीटर हे ठाऊक नसताना ती किती ठेवावी? ज्या बेरजेतून पातळी निघते तिच्यातील सर्वांत मोठ्या पदावरून ती काढावी, कारण वजाबाकीतील चूक त्या पदाच्याच प्रमाणात उरते, असे मला वाटते. मग दोन संख्या व सापेक्ष मर्यादा यांच्यासोबत ते पद फंक्शनला चौथा आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायचे मूल्य) म्हणून द्यावे का? ज्यांनी असे फंक्शन प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.