थंबस्टिक ग्रिपने नेम सुधारतो की नाही?

कोथरूडचा_स्नायपर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "ग्रिप म्हणजे रबराची टोपी, खेळता न येणाऱ्यांनी घ्यायची." वाचून डोकं फिरलं. थंबस्टिक म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने कलवायची छोटी दांडी; तिच्यावर चढवायची टोपी आणि उंच ग्रिप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सिलिकॉनच्या टोपीने फक्त अंगठा घसरत नाही, पण एप्रिल-मेमध्ये पुण्यात घामेजल्या हातांना तेवढंही पुष्कळ असतं. उंच ग्रिप स्टिकची लांबी वाढवते. स्टिक तेवढीच कलवायला अंगठ्याला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून लांबच्या शत्रूवर बारीक सरकवता येतं. २०१५च्या एक्सबॉक्स एलिट कंट्रोलरसोबत उंच स्टिक डब्यातच मिळायच्या, त्या काय शोभेला? मी उजवीकडे उंच लावतो, डावी स्टिक मोकळी.

सदाशिव_पेठी: बारीक सरकतं, मान्य. पण कोणी पाठीमागून आलं की गर्रकन वळायला तोच अंगठा जास्त फिरवावा लागतो. मग तू सेन्सिटिव्हिटी (स्टिक थोडी कलवली की किती वळायचं ते) वाढवणार, म्हणजे कमावलेली बारकाई गेली. आणि कंट्रोलरवर निम्मा नेम एम असिस्ट, म्हणजे गेमचीच नेमाला मदत, लावून देतं, त्याचं श्रेय रबराला कशाला?

कोथरूडचा_स्नायपर: असिस्ट सगळ्यांनाच आहे ना? मग त्याच असिस्टवर माझे लांबचे नेम आता का बसतात?

कात्रज_घाट: सरावाने बसतात, दुसरं काय! मी फुटबॉल खेळतो. डाव्या स्टिकवर जाड टोपी चढवली तर तिची कड भोवतीच्या प्लॅस्टिकच्या कड्याला घासायची. स्टिक टोकापर्यंत जाईना, खेळाडू पूर्ण वेगाने पळेना. काढून टाकली.

औंधची_पोर: नेमाचं राहू द्या, ड्रिफ्टचं, म्हणजे स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागते त्याचं बोला. मी हात लावलेला नसताना माझा खेळाडू डावीकडे चालत सुटतो. तापकीर गल्लीत दाखवला, तर दुकानदाराने फटीतून स्प्रे मारला आणि पैसे घेतले. घरी येईपर्यंत ठीक, मग पुन्हा तेच. एवढ्या महाग वस्तूत झिजणारा भाग का घालतात?

सदाशिव_पेठी: उंच ग्रिप लावली होतीस का? लांब दांडा, जास्त जोर. ड्रिफ्ट त्यानेच येतो.

कोथरूडचा_स्नायपर: काहीही फेकू नकोस! दांडा लांब असला की तेवढंच कलवायला जोर कमी लागतो. शाळेत तरफ शिकलास ना?

औंधची_पोर: मी कधीच काही लावलेलं नव्हतं. नीट वाचत जा आधी.

हडपसर_सोल्डर: भांडू नका. आत पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर धातूचा काटा घासत राहतो, पट्टी झिजली की मधली जागा चुकीची कळते. स्प्रेने घाण निघते, झिजलेली पट्टी भरून येत नाही. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये चुंबक असतो, घासणं नाहीच. माझ्या चुलतभावाच्या ड्युअलसेन्सला (प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर) मी तशाच स्टिक बसवल्या. जुनं मॉड्यूल सुटं करताना कथील नीट ओढलं नाही, तर बोर्डावरची तांब्याची गोल चकती उचकटून येते आणि बोर्डच वाया जातो. हात बसला नसेल तर घरी करू नका. २०२३च्या ड्युअलसेन्स एजमध्ये अख्खं मॉड्यूल नुसतं खेचून बदलता येतं, पण त्याची किंमत बघा. आणि पेठकर, कड्यावर आदळेपर्यंत दाबत राहिलं तर लांब दांड्याने मुळाशी ताण वाढतो. तेवढंच तुमचं बरोबर.

औंधची_पोर: वॉरंटी असताना कंपनीचा माणूस म्हणाला, "वापरामुळे झालंय." कंट्रोलर वापरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? मला संताप याचाच आहे.

सदाशिव_पेठी: ठीक आहे, ड्रिफ्टचं मागे घेतो. लांब पल्ल्याच्या बंदुकीला उंच ग्रिपचा उपयोग असेल, तेही धरून चालू. पण जवळच्या मारामारीत ती आडवीच येते, हे मी सोडणार नाही.

कोथरूडचा_स्नायपर: जवळ मी बंदूकच बदलतो. शनिवारी रात्री ये ऑनलाइन, मोठ्या मॅपवर बघू.

औंधची_पोर: @हडपसर_सोल्डर, कंट्रोलर घेऊन येऊ का? हॉलच्या स्टिक मी मागवते.