दोन मशिनांचं पाणी एकदम सुटलं की गाळ्यात तळं! तातडीने मदत हवी

खारा_वारा: अलिबागजवळ लाँड्री टाकलीय, रिसॉर्टच्या चादरी-टॉवेल. गेल्या आठवड्यात दोन मशिनं बसवली. पाणी सुटलं की गाळ्याच्या संडासातल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीतून, साबणाचं पाणी वर येतं. काल धुतलेल्या चादरींचा अख्खा गठ्ठा भिजला, परत धुवावा लागला. प्लंबर दोनदा येऊन गेला, म्हणतो लाइन साफ आहे. लवकर सांगा, शनिवारी गर्दी आहे.

पाना_नंबर_बारा: मशीन किती किलोचं? पाइप किती इंची? गटाराचं चेंबर किती लांबवर?

खारा_वारा: नेहमीचीच मशिनं हो. पाइप पांढरा आहे.

पाना_नंबर_बारा: पांढरा! बरं झालं सांगितलंत.

जुना_धोबीघाट: बोअरचं पाणी ना? पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवा. आमच्या हॉटेलात साबण निम्म्यावर आला.

लिटमस: त्यांनी तुंबल्याचं विचारलंय. आणि पाणी खारं असेल तर सॉफ्टनर काय करणार? तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. खारटपणा तसाच राहतो, त्याला आरओ लागतो.

जुना_धोबीघाट: वीस वर्षं हॉटेलात काढलीत मी. पुस्तकं वाचून बोलत नाही.

आवळासुपारी: सासूबाई रेशमी साड्या रिठ्याच्या पाण्यात धुतात, अजून नव्यासारख्या.

खारा_वारा: ताई, रोज चारशे चादरी असतात! पाटी बघितली, प्रत्येकी 30 किलो. दोन्हीचे पाइप मागे टी लावून एकाच 75 मिमीच्या लाइनला दिलेत. चेंबर 14 मीटरवर. एकाच मशीनचं पाणी सुटलं तर काही होत नाही.

पाना_नंबर_बारा: इथेच गोम आहे. घरच्या मशीनसारखा यात पंप नसतो. तळाचा मोठा व्हॉल्व्ह उघडला की शंभर-सव्वाशे लिटर धाडकन खाली. दोन्हींचं एकदम आलं तर त्या एका पाइपात मावेल कसं? ते जवळची वाट धरतं, म्हणजे तुमचा संडास. मशिनांमागे तीन-चारशे लिटरचा हौद करा, मशीनचे पाइप त्यात मोकळे सोडा. पुढे 110 मिमीची लाइन, मीटरला एक-दीड सेंटिमीटर ढाळ. हौदाच्या तोंडाशी काढता येणारी जाळी हवीच, टॉवेलचं लिंट, म्हणजे सुटलेले तंतू, ओल्या कापसासारखं बसतं.

खारा_वारा: हौद कसा खणू? गाळा भाड्याचा. मालक फरशीला हात लावू देत नाही.

पाना_नंबर_बारा: हे पहिल्याच पोस्टीत यायला हवं होतं.

घाईत_नको: मग अर्ध्या एचपीचा पंप लावा, विषय संपला.

लिटमस: व्हॉल्व्हला थेट पंप? लिंटने दोन दिवसांत जाम.

पाना_नंबर_बारा: मशिनं वर घ्या. आरसीसीचा ओटा, हौद फरशीवरच बांधायचा. पण मशीन स्प्रिंगवालं की बोल्टने जखडलेलं? जखडलेलं असेल तर पिळताना सगळा धक्का ओट्यात उतरतो, विटांचं काम टिकणार नाही. तोवर दुसरं मशीन थोडं उशिरा लावा. दर वेळी कपडे खळबळून झाले की पाणी सुटतं, त्या वेळा जुळू देऊ नका.

जुना_धोबीघाट: चादरी पिवळ्या पडल्या की आठवेल सॉफ्टनर.

लिटमस: पिवळ्या लोहाने पडतात, काका.

खारा_वारा: चार मिनिटांच्या फरकाने लावली, संडास कोरडा आहे! मशीन बोल्टवालं. ओटा किती उंच घेऊ?

पाना_नंबर_बारा: 14 मीटरला 14 ते 21 सेंटिमीटर ढाळ लागेल, वर हौदाची उंची. चेंबरात पाइप पडतो तिथून व्हॉल्व्हपर्यंत गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी धरा. आकडा द्या, मग सांगतो.

खारा_वारा: रिसॉर्टचा टेम्पो आलाय. संध्याकाळी मोजतो.