'कृपेस पात्र' हा प्रयोग ख्रिस्ती मजकुरात चालेल का?

अनुवादक: वाक्याचा आशय असा: पापी माणसावर देव कृपा करतो, आणि ती त्याने कमावलेली नसते. खर्ड्यात 'देवाच्या कृपेस पात्र झालेला पापी' असं आहे. तपासणाऱ्याचा शेरा: 'पात्रता आली की कृपा संपली.' पण 'कृपेस पात्र होणे' मराठीत चांगलं रुळलेलं आहे. 'अपात्रावरची कृपा' म्हणावं, तर 'अपात्री दान' कानात वाजतं. काय लिहावं?

पत्रवाचक: शेरा पौलाच्या, म्हणजे बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताच्या, बाजूचाच आहे. त्याचं रोमकरांस पत्र 11:6 पाहा: कृपेने असेल तर कर्मांनी नव्हे, नाहीतर कृपा ही कृपाच राहत नाही. 4:4 मध्ये मजुरीचा दाखला आहे. काम करणाऱ्याला मिळतं ते कृपा म्हणून नाही, देणं म्हणून. 6:23 मध्ये 'वेतन' आणि 'कृपादान' समोरासमोर येतात. तिथला वेतनाचा ग्रीक शब्द 'ओप्सोनिया' सैनिकांच्या पगाराचा, आणि कृपादान म्हणजे 'खारिस्मा', कृपेच्या 'खारिस'पासून झालेला. तेव्हा नाम बदलू नका, क्रियापद बदला. कृपा संपादणे, मिळवणे, कृपेस पात्र ठरणे हे सगळं काढा. कृपा होणे, लाभणे, पावणे ठेवा.

धातुप्रेमी: 'कृपा' आणि 'कृपण' एकाच घरातले. संस्कृतात कृपण म्हणजे आधी दीन, कीव यावी असा. कंजूष हा अर्थ पुढचा. म्हणजे कृपा व्हायची ती कृपणावरच. पात्रतेचा प्रश्न मुळातच येत नाही!

साधी मराठी: वाचक धातू बघून वाचत नाही. 'कृपया रांगेत या' म्हणून म्हणून तो शब्द पार झिजलाय. 'अनुग्रह' घ्या, वजन आहे त्याला.

पत्रवाचक: वजन आहे, पण ते दुसरीकडचं. मराठीत अनुग्रह गुरूकडून 'घेतात', आणि त्यासाठी शिष्याची तयारी लागते. इथे तयारीच्या आधीच देणं झालेलं आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त मरण पावला, असं रोम. 5:8 म्हणतं.

टिपणवही: 'सानुग्रह अनुदान' विसरू नका. ते लॅटिन 'एक्स ग्रातिया'चं मराठी रूप, आणि 'ग्रातिया' हाच 'खारिस'चा लॅटिन प्रतिशब्द. देण्याचं कायदेशीर बंधन नसताना दिलेली रक्कम, इतका नेमका अर्थ. बिघडतं कुठे, तर दरवर्षी मिळू लागलं की लोक ते हक्क म्हणून मागतात.

अनुवादक: आणि 'अपात्री दान'?

धातुप्रेमी: गीता 17:22 त्याला तामस दान म्हणते, म्हणून मराठीत तो ठपका आहे. माझ्या मते तो धक्का वाचकाला बसू द्यावा. सुवार्ता नेमकी तिथेच आहे.

साधी मराठी: धक्का ठीक, पण वाचक देवालाच अविचारी समजेल. शिवाय पुढे 'क्षमा' येणार असेल तर तोही शब्द तपासा. क्षम् म्हणजे सहन करणे.

पत्रवाचक: हा मुद्दा मोलाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातल्या दाखल्यातला दास पाहा. धन्याचं देणं 10,000 तालांत. एक तालांत साधारण 6,000 दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. झाले 6 कोटी दिवस. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी 2 लाख वर्षं. आणि तो मागतो काय? 'धीर धरा, सगळं फेडीन.' तिथलं ग्रीक क्रियापद सोसून घेण्याचं आहे, अगदी आपलं क्षम्. धनी मुदत देतच नाही, तो कर्जच सोडून देतो. मागितली क्षमा, मिळाली माफी. मग हाच दास 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, कारण त्याच्या डोक्यातला हिशेब अजून फेडीचाच आहे.

धातुप्रेमी: 'माफी' अरबी. प्रार्थनेत नको.

टिपणवही: कर्जाला मराठीत दुसरा शब्द कुठे आहे? कर्जमाफीला कोणी कर्जक्षमा म्हणत नाही.

साधी मराठी: आणि 'पापांची क्षमा' लोकांच्या तोंडी मतांगीकारापासून, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीपासून, बसलंय. ते उपटून काय साधणार?

पत्रवाचक: प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाने ऋण म्हटलंय, म्हणून मराठीत 'ऋणे सोड' सुंदर बसतं. तीच प्रार्थना लूक 11:4 मध्ये येते, तिथे मात्र पाप आहे. 'आमची पापे सोड' म्हटलं की अर्थ उलटतो, कारण पाप सोडायचं असतं ते पाप्याने. त्यामुळे तिथे 'क्षमा' घ्यावीच लागते.

धातुप्रेमी: पण त्याच ओळीत पुढे 'आमच्या प्रत्येक ऋण्याला' आहे, आणि ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच. मग एका वाक्यात दोन क्रियापदं लावणार?

पत्रवाचक: लावावी लागतील. नाहीतर 'पापांतून मोकळे कर' आणि 'ऋण्याला मोकळे करतो'.

साधी मराठी: 'मोकळे' चांगलं आहे. पण पापातून मोकळं होणं म्हणजे सवय सुटणं, असंही वाचलं जाईल.